मशीन कशाची वाट बघतंय?

पडद्यावर 18 मिनिटं उरलेली दिसतात. अर्ध्या तासाने येऊन बघावं तर अजून 18च. काचेमागे गढूळ साबणपाण्यात मुलांचे गणवेश पडलेत, दार उघडत नाही आणि कुठलंही बटण दाबलं तरी मशीन ढिम्म. मिक्सर जळाला की वास येतो, पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा नुसता गुरगुरतो. तिथे फारसं कोडं नसतं. इथे दिवे लागलेत, म्हणजे वीज आहे. आत पाणी आहे, म्हणजे नळही आला होता. तरी धुणं मध्येच अडलंय.

अशा वेळी घरातला एक जण सगळी बटणं दाबून बघतो, दुसरा मशीनला बाजूने एक धपाटा घालतो आणि शेवटी मेकॅनिकला फोन जातो. निदान फोनवरच होतं: ‘बोर्ड गेला असेल.’ बोर्ड म्हणजे मशीनच्या आतली इलेक्ट्रॉनिक पाटी, पीसीबी. सुट्या भागांमधला हा महागातला भाग. तो कधी कधी जातोही. पण मध्येच थांबलेल्या मशीनमध्ये अनेकदा बोर्ड शाबूत असतो आणि कशाची तरी वाट बघत असतो. कशाची, ते ओळखायला पेचकस लागत नाही. धुण्याच्या कोणत्या टप्प्यावर मशीन थांबलं, एवढं नीट पाहावं लागतं.

कारकून आणि त्याच्या फायली

दोन टाक्यांच्या अर्धस्वयंचलित मशीनमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे चावीचा टायमर असतो. तुम्ही 15 मिनिटांची चावी दिलीत की स्प्रिंग उलगडत जाते आणि तेवढा वेळ मोटर फिरते. धुण्याच्या टाकीत पाणी आहे का, कपडे किती आहेत, त्याच्याशी टायमरला देणंघेणं नाही. पाणी सोडायचं, काढायचं, कपडे पिळायच्या टाकीत टाकायचे, ही सगळी देखरेख माणसाकडे. त्यामुळे ते मशीन अडून बसत नाही. बिघडलं तर सरळ बिघडतं.

पूर्ण स्वयंचलित मशीन घड्याळावर कमी आणि उत्तरांवर जास्त चालतं. त्याचा बोर्ड तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनासारखा आहे. फाइल पुढे सरकायची तर आधीच्या टेबलावरून पूर्तता झाल्याचा शेरा हवा. दार लागलं? शेरा आला, आता पाणी घ्या. पाणी ठरल्या पातळीला पोचलं? शेरा आला, आता मोटर फिरवा. घाण पाणी बाहेर गेलं? शेरा आला, आता पिळायला घ्या. एखाद्या टेबलावरून शेरा आलाच नाही, तर कारकून काही मिनिटं थांबतो, एक-दोन स्मरणपत्रं धाडतो आणि मुदत संपली की फाइल बाजूला ठेवून पडद्यावर दोन अक्षरं लिहितो. त्यालाच आपण एरर कोड म्हणतो.

शेरा देणारे मुख्य चौघे: दाराचं कुलूप, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर आणि मोटरचा वेग सांगणारा सेन्सर. कोडची भाषा कंपनीगणिक बदलते. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी आलं नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी गेलं नाही, ‘यूई’ म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झाले, ‘डीई’ म्हणजे दार नीट लागलं नाही. सॅमसंगच्या अलीकडच्या मशीनवर याच तक्रारी ‘4सी’, ‘5सी’, ‘यूबी’, ‘डीसी’ अशा येतात. बाकीची यादी मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असते, आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत वॉरंटी कार्डासकट कपाटावरच्या कुठल्याशा पिशवीत असते.

खरंच थांबलंय का?

पडद्यावरची मिनिटं हा अंदाज असतो, वचन नव्हे. पिळताना कपडे एका बाजूला गेले की मशीन पुन्हा पाणी घेऊन त्यांना मोकळं करतं, परत प्रयत्न करतं, आणि तेवढा वेळ आकडा 9 किंवा 12वर खिळून राहतो.

गरम पाण्याच्या धुण्यात तर वेळ लागणारच. साधा हिशेब करून बघा. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये 15 लिटर पाणी आहे, ते 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचंय आणि हीटर 2000 वॅटचा आहे. सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं तरी 18 मिनिटं लागतात. ड्रम आणि कपडे तापायचे ते वेगळे. आता संध्याकाळी गावात व्होल्टेज 230वरून 180वर आलेलं असेल, तर हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे 2000 वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटच्या आसपास येतो आणि 18ची 30 मिनिटं होतात. मशीन बिघडलेलं नसतं. बंबात निखारे कमी पडलेले असतात, इतकंच.

बटणं ऐकत नाहीत तेव्हा

पहिला संशय चाइल्ड लॉकवर घ्यावा. लहान मुलांनी चालू मशीनची बटणं दाबू नयेत म्हणून ही सोय असते. ती चुकून सुरू झाली की सुरू-बंदचं बटण सोडून बाकी काहीच चालत नाही. पुसताना फडक्याचा दाब एका बटणावर राहिला तरी ती लागू शकते. पॅनेलवर कुलपाचं किंवा बाळाच्या चेहऱ्याचं चिन्ह दिसतं, किंवा ‘सीएल’ अशी अक्षरं येतात. त्या चिन्हाखालचं बटण (काही मशीनमध्ये दोन बटणं मिळून) तीन-चार सेकंद दाबून धरलं की सुटतं.

तेही नसेल, तर भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. मशीनवरचं बटण पुरेसं नाही, कारण ते वीज तोडत नाही, फक्त बोर्डला ‘बंद हो’ असं सांगतं. जो बोर्ड ऐकायलाच तयार नाही, त्याला सांगून उपयोग काय? विजेचा झटका आला किंवा क्षणभर व्होल्टेज पडलं की बोर्डवरचा छोटा संगणक अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. त्याला पूर्ण उपाशी ठेवावं लागतं. प्लग काढल्यावरही बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये थोडा भार शिल्लक असतो, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबायचं. लगेच प्लग लावून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी उपाय अर्धाच केलेला असतो.

एक गंमत अशी की अनेक मशीन वीज परत आली की जिथे थांबली होती तिथूनच सुरू होतात. धुण्याचा टप्पा वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत लिहिलेला असतो. लोडशेडिंगसाठी ही सोय उत्तम. पण अडकलेलं मशीन परत त्याच जागी अडकलं, तर चालू कार्यक्रम रद्द करून फक्त पाणी काढणं आणि पिळणं एवढाच कार्यक्रम लावून बघावा.

दाराच्या बाबतीत घाई मात्र महागात पडते. अनेक मशीनच्या कुलपात दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज मिळाली की तिच्याजवळचा चिमुकला हीटर तिला तापवतो, पट्टी वाकते आणि दाराची कडी अडकते. वीज गेली तरी पट्टी थंड होऊन सरळ व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतातच. या मधल्या वेळात दार ओढणारे लोक हँडल तोडून ठेवतात. आत पाणी असताना दार सुटत नाही हे तर चांगलंच आहे, नाहीतर सगळं पाणी पायांवर. समोरच्या दाराच्या बऱ्याच मशीनमध्ये खाली फिल्टरच्या झडपेमागे पाणी काढायची छोटी नळी असते, काहींत दार हाताने सोडवायची दोरीही. आधी पाणी, मग दार.

नळ चालू, तरी पाणी नाही

सुरुवातीलाच किंवा विसळायच्या वेळी मशीन थांबलं तर बहुधा भानगड पाण्याच्या आवकेची. मशीनमागे पाइप जोडतो तिथे अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. नळ बंद करून, पाइप सोडवून ती पक्कडीने अलगद बाहेर काढा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर जाळीवर वाळू, गंज आणि पांढऱ्या क्षाराचा थर हमखास दिसतो. जुना टूथब्रश आणि वाटीभर व्हिनेगर, एवढ्यावर ती साफ होते.

जाळी स्वच्छ असूनही पाणी भरत नाही, तेव्हा वर गच्चीकडे बघावं. मशीनचा पाण्याचा व्हॉल्व्ह कसा उघडतो ते समजलं की हे कोडं सुटतं. बोर्ड वीज पाठवतो, कॉइलमध्ये चुंबकत्व येतं आणि एक छोटी लोखंडी दांडी वर उचलली जाते. पण तिच्याखाली उघडतं ते सुईच्या अग्राएवढं भोक. मुख्य वाट अडवून बसलेला रबरी पडदा उचलायचं काम नळाच्या पाण्याचा दाबच करतो. दाब नसेल तर कॉइल गुणगुणत राहते, पडदा उठत नाही, पाणी ठिबकतं. व्हॉल्व्ह घट्ट मिटायलाही दाब लागतो, म्हणून कमी दाबाच्या घरात मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी झिरपलेलं सापडतं.

बऱ्याच पुस्तिकांमध्ये किमान 0.3 किंवा 0.5 बार दाब मागितलेला असतो. पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ साधारण 1 बार दाब देतो, म्हणजे 0.3 बारसाठी 3 मीटर उंची. चार मजली इमारतीत तळमजल्याला हा दाब सहज मिळतो. पण वरच्या मजल्यावर, जिथे टाकी थेट डोक्यावरच्या स्लॅबवर आहे, तिथे नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम अडीच-तीन मीटर अंतर भरतं. टाकी अर्धी रिकामी झाली किंवा सकाळी सगळ्यांचे नळ एकदम सुटले की मशीन थांबलंच. वरच्या मजल्याची हवा आणि उजेड पाहून घर घेणाऱ्यांना हा भाग कुणी सांगत नाही. बादलीत नळाची धार किती जोरात पडते ते मशीन बसवण्याआधीच बघावं. कमी वाटली तर टाकी उंचावणं किंवा लहान प्रेशर पंप बसवणं, हे दोनच खरे उपाय. नवा व्हॉल्व्ह घालून दाब वाढत नाही.

उलटाही प्रकार घडतो. पाणी येत राहतं पण पातळी वाढतच नाही. पंपाने पाणी बाहेर टाकणाऱ्या मशीनचा सांडपाण्याचा पाइप जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवायचा असतो. तो खाली सुटून मोरीत लोळत असेल तर पाणी एकीकडून येतं आणि आपोआप ओढलं जाऊन दुसरीकडून जातं. वरून झाकण असलेल्या आणि पंप नसलेल्या मशीनचं मात्र बरोबर उलट: तिथे पाणी उतारानेच जातं, म्हणून पाइप खालीच हवा. शेजारच्या घरात पाहून आपला पाइप लावणाऱ्यांची इथे फसगत होते.

रिकाम्या ड्रममध्ये ‘पाणी आहे’

विसळून झालं, पिळायच्या आधी मशीन थांबलं. हा टप्पा पाणी जाण्याचा. समोरच्या दाराच्या मशीनमध्ये खाली कोपऱ्यात छोटी झडप असते, तिच्यामागे फिरवून काढायचा फिल्टर. खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल घेऊनच तो उघडावा, कारण आत उरलेलं पाणी एकदम बाहेर येतं. मग निघतात त्या गोष्टी: रुपयाचं नाणं, केसांच्या पिना, लग्नाच्या ब्लाउजचे टिकल्या-मणी, विरघळून लगदा झालेलं बसचं तिकीट आणि बाळाचा हरवलेला एक मोजा. फिल्टरच्या पलीकडे पंपाचं छोटं पातं असतं. प्लग काढलेला असेल तेव्हाच बोट घालून ते फिरवून बघा. ते थोडं अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं, कारण आत चुंबक असतो. तो दोष नाही. अजिबात फिरत नसेल तर केस किंवा धागा गुंतलेला आहे.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे ड्रम कोरडा दिसतोय आणि तरी मशीन पिळायला तयार नाही, दारही सोडत नाही. पातळी मोजणारा सेन्सर पाण्याला कधी शिवतच नाही. टबच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते आणि तिथून बारीक नळी वर सेन्सरकडे जाते. पाणी चढलं की नळीतली हवा कोंडली जाते, तिचा दाब वाढतो आणि तो दाब मोजून पातळी कळते. पाणी गेलं की दाब उतरतो. पण वर्षानुवर्षांचा साबणाचा चिकट गाळ कुपीच्या तोंडाशी बसला तर कोंडलेली हवा सुटत नाही. कारकुनाकडे खोटा शेरा जातो: अजून पाणी आहे. नळीला चीर गेली तर खोटेपणा उलट्या दिशेचा. पाणी भरत राहतं आणि पातळी शून्यच. ही नळी साफ करणं मेकॅनिकचं काम आहे, पण त्याला ‘आधी प्रेशर नळी बघा’ एवढं सांगणं आपलं.

गाळ येतो कुठून? बहुतांशी जादा पावडरीतून. हाताने धुण्याची पावडर भरपूर फेस करते आणि समोरच्या दाराच्या मशीनला नेमका तोच नको असतो. पंप पाणी ढकलू शकतो, फेस ढकलताना त्याची पकड सुटते, आणि काही मशीन फेस उतरेपर्यंत थांबून राहतात. फेस म्हणजे स्वच्छता हा आपल्याकडचा पक्का समज आहे. मशीनचं त्याच्याशी कधी जमलं नाही.

एकटी गोधडी

शेवटच्या पिळण्यात मशीन थांबत असेल तर कपडे मोजा, आणि वजनापेक्षा त्यांची जात बघा. एकटी गोधडी टाकली की ती पाणी पिऊन एका बाजूला बसते. लांब साडी इतर कपड्यांना गुंडाळून घेते आणि सगळ्यांचा मिळून एक पीळ होतो. ड्रम मिनिटाला हजारच्या घरात फेऱ्या घेणार असेल तर दोन-तीन किलोचा असा एकतर्फी गोळा मशीनला जागेवरून हलवू शकतो. म्हणून मशीन आधी हळू फिरून तोल पाहतं. मोटरचा वेग प्रत्येक फेरीत कमी-जास्त होत असेल तर तोल नाही, हे त्याला कळतं. गोधडीसोबत दोन टॉवेल टाका, साडी वेगळी धुवा, आणि मशीनचे चारही पाय फरशीला टेकलेत ना ते कोपरे दाबून बघा. नवीन मशीन पहिल्याच दिवशी प्रचंड हादरत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट बहुधा काढायचे राहिले आहेत.

विजेच्या खोड्या

प्रत्येक वेळी गरम पाण्याच्या टप्प्यावरच मशीन मरतं आणि थोड्या वेळाने जिवंत होतं, असं असेल तर प्लग हातात घेऊन पिना पाहा. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढतो. त्यासाठी 16 अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट हवं. मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर एखादी पीन काळपट, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडून किंचित वितळलेलं दिसतं. सैल जोडावर उष्णता होते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हा दोष मशीनचा नसून भिंतीचा आहे आणि आग लागण्याचा धोका आहे तो इथेच. हीटर लागताच घरातली ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर हीटरचं आवरण फुटून वीज पाण्यात झिरपत असण्याची शक्यता मोठी. ती पुन्हा पुन्हा वर ढकलून धुणं पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये.

पूर्ण अंधार, एकही दिवा नाही, आणि आदल्या रात्री वादळात वीज गेली होती? रस्त्यावरच्या डीपीवर न्यूट्रल तुटला की काही घरांत 230 ऐवजी बरंच जास्त, कधी 400च्या जवळ व्होल्टेज येतं. बोर्डवरचा फ्यूज आणि झटका शोषणारा भाग त्यात स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतात. तेवढे दोनच भाग बदलून जिवंत झालेले बोर्ड दुरुस्तीवाल्यांकडे पुष्कळ पाहायला मिळतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने बोर्डवरचे जोड गंजतात. पालीने बोर्डवर शॉर्ट करणं आणि उंदराने खालून शिरून वायर कुरतडणं, हे तर बारमाही. मशीनचा तळ उघडा असेल तर जाळी बसवून घ्या. वरून घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर धुळीपासून वाचवतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. माझं मत विचाराल तर धूळ परवडली.

चौकट: मशीन अडलं की

पायात कोरडी चप्पल घाला. जमिनीवर पाणी असेल तर आधी एमसीबी बंद करा, मगच प्लगला हात लावा.
पण त्याआधी पडद्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा, प्लग काढला की तो जातो.
दहा मिनिटं थांबा. चाइल्ड लॉक, नळ, पाइपचा वाकडा पीळ, जाळी, फिल्टर बघा.
फक्त पाणी काढून पिळण्याचा कार्यक्रम लावा. चाललं तर अडचण आवकेत किंवा गरम करण्यात, नाही चाललं तर निचऱ्यात, पिळण्यात किंवा दारात.
जळका वास, पिना काळ्या, अंगाला करंट, ईएलसीबी पडणं: यातलं काहीही असेल तर पुन्हा सुरू करू नका.
मागचं पत्र्याचं झाकण घरी उघडू नका.

बोर्ड हा शेवटचा संशयित

पडद्यावर कोड दाखवणारा बोर्ड निदान बोलतो तरी आहे. त्याच्यावर आरोप करण्याआधी शेरा देणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी, आणि ती मल्टिमीटरने काही मिनिटांत होते. 2000 वॅटच्या हीटरचा रोध 26-27 ओहमच्या आसपास यायला हवा. व्हॉल्व्हची कॉइल, पंपाची कॉइल, दाराचं कुलूप, सगळ्यांचं असंच मोजमाप होतं. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन ब्रश झिजून आखूड होतात, मोटर अधूनमधून थांबते. ते बदलायला बोर्डच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा लागतो. मोटर जास्त तापली की आतला संरक्षक भाग तिला बंद करतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने ती आपोआप चालते; अशा मशीनला नवा बोर्ड घातला तरी ते पुन्हा थांबणारच.

म्हणून तक्रार नोंदवताना ‘मशीन बंद पडलंय’ एवढंच सांगू नका. मॉडेल क्रमांक, कोड, कोणत्या टप्प्यावर थांबलं आणि प्लग काढून लावल्यावर काय झालं, हे चार तपशील द्या. बोर्ड बदलायचा म्हणाले तर ‘काय काय मोजून बघितलं?’ असं विचारा, लेखी अंदाजपत्रक मागा आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. फसवणूक झाली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बिल जपून ठेवलेलं असेल तर तक्रारीला वजन येतं.